सायकल दिली, रस्ता कुठाय?

डिसेंबरातल्या एका दुपारी, माझ्याच जुन्या शाळेच्या ओट्यावर, मला शाल आणि श्रीफळ मिळालं. मुंबईहून कोलकात्याला सायकलवर निघालेली मुलगी म्हणून. माइकवरून एक सर म्हणाले, "आपल्या मातीतली ही लेक सायकलवर देश पालथा घालायला निघालीय. मुलींनो, हिचा आदर्श घ्या." टाळ्या झाल्या. कुणीतरी रील काढलं.

मग माइक माझ्याकडे आला. भाषण येत नाही, म्हणून मी सरळ प्रश्न विचारला. "सायकलवर शाळेत कोण कोण येतं?" समोर आठवी ते दहावीच्या साठेक मुली बसल्या होत्या. सात हात वर झाले.

"आणि सरकारकडून सायकल मिळालीय कुणाकुणाला?"

चाळीसेक हात वर झाले.

मधल्या तीसपस्तीस सायकली कुठे आहेत आणि का आहेत, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. पण त्यासाठी तो दिवस सकाळपासून सांगायला हवा. ज्या रस्त्यावरून मी टाळ्यांपर्यंत पोचले, त्याच रस्त्याने त्या सायकली घरी बसवल्या आहेत.

*

प्रवासाचा सहावा दिवस. सिंदखेडराजाहून सहाला निघाले तेव्हा अंधार होता आणि बोटं गारठली होती. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यासमोर दोन मिनिटं थांबले. दर १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला इथे प्रचंड गर्दी होते, नेत्यांचे ताफे येतात. जिल्ह्याच्या नावाआधी 'मातृतीर्थ' लावायची आमच्याकडे पद्धत आहे. बुलढाणा जिल्ह्यात वाढलेल्या प्रत्येक मुलीने जिजाऊंवर एकदा तरी भाषण केलेलं असतं. मीही केलं होतं, पाचवीत, नऊवारी नेसून.

सिंदखेडराजा ते मेहकर साधारण साठ किलोमीटर. किनगाव राजा, दुसरबीड, बिबी, सुलतानपूर. नागपूरहून मुंबईकडे जाणारा हा जुना रस्ता. याच पट्ट्यातून आता समृद्धी महामार्गही जातो. उंच भरावावर, कुंपणाच्या आत, ७०१ किलोमीटर लांब, सहा पदरी, ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा असलेला. त्याच्यावर सायकलला बंदी आहे. दुचाकीला आणि रिक्षालाही आहे.

या बंदीबद्दल माझी तक्रार नाही. १२० च्या वेगात सायकल असूच नये. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्यांना वेगाने जायचं होतं त्यांच्यासाठी आपण पन्नास हजार कोटींहून जास्त खर्च करून वेगळा रस्ता बांधला. कुंपण घातलं, इंटरचेंज दिले. वेगवान आणि संथ वाहनं एकाच पट्ट्यात घातली की माणसं मरतात, हे आपल्या इंजिनिअरांना पक्कं कळलेलं आहे, याचा तो पुरावा आहे. फरक इतकाच की त्या ज्ञानाचा उपयोग वेगवानांसाठी झाला. संथ चालणारे जिथे होते तिथेच राहिले, खालच्या रस्त्यावर, ट्रकांच्या शेजारी.

वन्यप्राण्यांचंही बघा. समृद्धीवर त्यांच्यासाठी खास पूल आणि भुयारी मार्ग बांधले आहेत. चांगलंच केलं. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला आणि शेतं, ओढे, महामार्ग ओलांडत हजारावर किलोमीटर फिरून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे आख्ख्या जगाला त्याचा प्रवास कळला. रस्ता प्राण्याची वाट तोडतो आणि तोडलेली वाट बांधून द्यावी लागते, हे आपल्याला मान्य आहे. गावापासून शाळेपर्यंत जाणाऱ्या मुलीचीही वाट रस्त्याने तुटते, हे मात्र कुठल्या नकाशावर दिसत नाही. तिच्या गळ्यात कॉलर नसते.

सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली. २५ जण गेले. त्या आठवड्यात देशातला प्रत्येक चॅनल आमच्या जिल्ह्यात होता. बोलायलाच हवं होतं, बोलले. पण खालच्या रस्त्यावर माणसं एकेक करून जातात. एका वेळी एक गेला की पेपरात दोन ओळी येतात आणि त्यातही बऱ्याचदा नाव नसतं, 'सायकलस्वार' असतं. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. दर पाचांतला जवळपास एक जण पायी चालणारा होता.

*

दुसरबीडच्या टपरीवर चहाला थांबले. एक आजोबा सायकल टेकवून बसले होते. काळी, जुनी, दांडीला कापड गुंडाळलेली. कॅरिअरला रिकामा दुधाचा कॅन. त्यांनी माझ्या सायकलचे गिअर, मागच्या दोन पिशव्या, हेल्मेट सगळं नीट पाहून घेतलं.

"कोठून आली वं माय?"

"मुंबईहून."

"अन् चालली कोठी?"

"कोलकात्याला."

"कायले?"

सहा दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी खरा विचारला होता. बाकी सगळे 'वा!' म्हणाले होते. मी काहीतरी पुटपुटले. देश बघायचाय वगैरे. आजोबा म्हणाले, "म्या रोज बारा किलोमीटर येतो, बारा जातो. पोरगं म्हन्ते, बाबा सोडा आता, लोक हासतात."

गंमत बघा. पंचावन्न हजारांच्या सायकलवर मी दिवसाला नव्वद किलोमीटर जाते, तर मी प्रेरणास्थान. ते रोज चोवीस किलोमीटर जातात, वर्षानुवर्षं, दूध घेऊन, तर लोक हसतात. आपण सायकलचे दोन वर्ग केले आहेत. एक 'सायकलिंग' आणि एक 'अजून सायकलवरच?' पहिलीला स्ट्रावा, मेडल आणि शाल. दुसरीला हॉर्न.

मला विक्रमवीरांबद्दल आदर आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने सायकल हाणत पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विशीत असताना जगाला सायकलवर फेरी मारली. त्यांच्या गोष्टी वाचूनच मी निघाले. पण अमेरिकेच्या त्या शर्यतीत सायकलस्वाराच्या मागे दिवे लावलेली गाडी आणि मदतनीसांची टीम असते. ट्रकवाल्याला लांबूनच कळतं की पुढे माणूस आहे. आमच्या शाळेच्या मुलीच्या मागे काय असतं? मागच्या मडगार्डवरचा लाल काचेचा तुकडा. तोही असलाच तर.

*

माझी गोष्ट सांगते. मेहकरहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाटावरच्या भागात माझं गाव आहे. शाळा चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावात. सातवीपर्यंत गावातच सोय होती. पुढे शाळा म्हणजे हा रस्ता.

आठवीत मला सायकल मिळाली. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. घर ते शाळा अंतर पाच किलोमीटरच्या आत असावं, ही अट. आता ही रक्कम पाच हजार आहे, तेव्हा कमी होती, बाबांनी वर थोडे घातले. कॅरिअर, बास्केट, घंटी. त्या सायकलवर मी पाच वर्षं शाळा-कॉलेज केलं आणि पुढे पुण्याला गेले. आज माझ्या पगाराच्या स्लिपवर जे आहे त्यातला मोठा वाटा त्या सायकलचा आहे, हे मी शपथेवर सांगू शकते.

ही नुसती माझी भावना नाही. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला. मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, आणि मुलगे-मुलींमधलं नोंदणीचं अंतर ४० टक्क्यांनी घटलं. सगळ्यात जास्त फायदा, शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांमध्ये दिसला. सायकलने काम केलं, कारण मधलं अंतर तिने खाल्लं.

आता माझ्या चुलत बहिणीची गोष्ट. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान. तिलाही आठवीत तीच योजना, तीच शाळा, तेच चार किलोमीटर. फक्त मधल्या काळात रस्ता बदलला होता.

माझ्या वेळी तो अरुंद आणि भयंकर होता. दोन्ही बाजूंनी बाभळी, मधे खड्डे. खड्डेच आमचे ट्रॅफिक पोलीस होते. ट्रक पंचवीस-तीसच्या वर जाऊच शकत नव्हता. ड्रायव्हर आम्हाला बघायचे, हॉर्न द्यायचे, शिवीही द्यायचे, पण थांबायचे. कारण थांबणं त्यांना परवडत होतं.

मग रस्ता रुंद झाला. सिमेंटचा, सपाट, सुंदर. बाभळी गेल्या. खड्डे गेले, म्हणजे पोलीस गेले. ज्या रस्त्यावर ट्रक तीसने जायचा तिथे तो ऐंशीने जायला लागला. सायकल मात्र बाराच्याच वेगाने चालते, ती काही सिमेंटमुळे जोरात जात नाही.

बहीण दहावीत असताना एका संध्याकाळी ओव्हरटेक करणाऱ्या गाडीचा आरसा तिच्या हँडलला लागला. ती रस्त्याकडेच्या चारीत पडली. मनगट मोडलं. गाडी कुणाची, कळलं नाही. काकांनी त्या दिवशी सायकल भिंतीला टेकवली ती टेकवलीच. 'एसटीने जाईल' असं ठरलं. तो हिवाळा २०२१ चा होता, एसटीचा संप सुरू होता, तो चालला एप्रिल २०२२ पर्यंत. बोर्डाची परीक्षा तिने कशीबशी दिली. अकरावीला नाव घातलं आणि गेलीच नाही. मागच्या वर्षी तिचं लग्न झालं. कायद्याने वय पूर्ण होतं, तेवढं एक बरं.

काकांना मी दोष देत नाही. मुलगी आणि सायकल यांतून त्यांनी मुलगी निवडली. रस्त्याने त्यांच्यापुढे हीच निवड ठेवली होती.

*

इथे आले की लोक मला चार गोष्टी ऐकवतात. चारही मी बऱ्याच वेळा ऐकल्यात, त्यामुळे उत्तरं तयार आहेत.

एक: 'रस्ता झाला तर नावं ठेवता, नाही झाला तरी ठेवता.' मला जुना रस्ता परत नको आहे. आजीला खामगावच्या दवाखान्यात न्यायला पूर्वी दोन तास लागायचे, आता एकात पोचतो. बाबांचा कापूस लवकर जिनिंगला पोचतो. रस्ता हवाच आहे. पण बांधायलाच काढला होता, तर शेजारी सायकलीपुरती वेगळी पट्टी का नाही बांधली, हा माझा प्रश्न आहे. पैसे नव्हते म्हणू नका. येत नाही असंही म्हणू नका. अमरावती ते अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून आपण गिनीज बुकात नाव घातलं. चार किलोमीटरच्या पायवाटेला किती तास लागतील?

दोन: 'साइडपट्टी असते की.' असते. दुपदरी महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर पक्की साइडपट्टी धरतात. कागदावर. त्या दिवशी साइडपट्टीवर मला काय काय भेटलं ते सांगते: उभे ट्रक, वाळत घातलेलं सोयाबीन, खडीचा ढीग, उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली, ऊस भरून बंद पडलेली ट्रॉली, आणि प्रत्येक छोट्या पुलावर काहीच नाही, कारण पुलाजवळ साइडपट्टी अनेकदा संपूनच जाते. पांढऱ्या रेघेने ट्रक अडत नाही. तिथे एक फूट उंचीचा कठडा लागतो.

तीन: 'आता सायकल चालवतंच कोण? घरोघरी गाड्या आल्या.' २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या सुमारे ४५ घरांत सायकल होती आणि पाचाहून कमी घरांत मोटार. तेव्हापासून मोटारसायकली वाढल्या, मान्य. पण त्या मोटारसायकलवर चौदा वर्षांच्या मुलीने बसायचं का? कायदा नाही म्हणतो. लायसन्स नसलेल्या अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीनुसार. कायदा बरोबरच आहे. पण याचा अर्थ समजून घ्या: त्या मुलीच्या हातात कायद्याने एकच वाहन ठेवलं आहे, आणि त्या वाहनाला रस्त्यात जागा ठेवलेली नाही.

चार: 'हेल्मेट घालावं, नीट चालवावं.' घालावं. मी घालते. माझ्या हेल्मेटला ऐंशीच्या वेगातला दहा चाकी ट्रक झेपणार नाही. त्याच २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना किंवा बांधणी ठरलेल्या निकषांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार असणाऱ्याला दंड. किती? एक लाख रुपयांपर्यंत. माझ्या सायकलची किंमत दोनदा भरली तर त्याहून जास्त होईल. त्यामुळे अपघात झाला की चूक एकतर ड्रायव्हरची ठरते किंवा मरणाऱ्याची. रस्ता आखणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही.

*

सत्कार झाला, मटकीची उसळ आणि पोळी झाली. शाळा पाचला सुटली. सातांपैकी तीन मुली माझ्या गावच्या. म्हणाल्या, "ताई, आमच्या संगं चला." मी त्यांच्या मागे निघाले.

गेले सहा दिवस मी कसारा घाट चढले, नाशिकच्या बायपासवर ट्रकांच्या रांगांमधून गेले, जालन्याजवळ समोरच्या वाऱ्याशी भांडले. पण त्या चार किलोमीटरांएवढी भीती मला कुठेच वाटली नव्हती. एकटी असताना मी माझा अंदाज घेते. इथे माझ्यापुढे तीन दप्तरं होती.

डिसेंबरात सहाच्या आधीच सूर्य जातो. मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत. मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांतही तेच. मुली एकामागे एक चालवत होत्या, गप्प. आम्ही शाळेत असताना दोघी-दोघी, गप्पा मारत, हात धरून चालवायचो. यांच्यात शिस्त होती. ती शिस्त भीतीने शिकवलेली होती. सगळ्यात पुढची मुलगी मागून ट्रकचा आवाज आला की न वळता डावा हात वर करायची, आणि तिघी साइडपट्टीवरून खाली मातीत उतरायच्या. ट्रक गेला की परत वर. चार किलोमीटरात अकरा वेळा. मी मोजलं. मातीतून सिमेंटवर चढताना वीतभर उंचीची कड आहे, त्यावर चाक घसरतं. तिसऱ्या वेळी माझं घसरलं, त्यांचं नाही घसरलं.

ओढ्यावरच्या पुलाशी त्या थांबल्या. उतरल्या. दोन्हीकडे बघितलं. लांबवर काही नाही ना याची खात्री केली आणि सायकली हातात धरून पळत पूल ओलांडला. मीही पळाले. सायकलवर देश पालथा घालायला निघालेली आदर्श लेक, सायकल हातात धरून पळाली.

पलीकडे गेल्यावर सगळ्यात लहान मुलगी, आठवीतली, म्हणाली, "ताई, कोलकात्यापर्यंत असंच आहे का?"

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. तिला विचारलं, "तुझ्या वर्गातल्या बाकीच्या सायकल का आणत नाहीत?" तिने पुलाकडे बोट दाखवलं.

*

हा रस्ता शेगाव-पंढरपूर पालखीमार्ग म्हणून ओळखला जातो. दरवर्षी शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते आणि पायीच परत येते. परतीचा शेवटचा टप्पा खामगाव ते शेगाव, त्या दिवशी हजारो माणसं रात्रीपासून चालत असतात. संथ चालणाऱ्यांचा मान कसा राखायचा, हे आमच्या जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. पालखी येते तेव्हा ट्रक थांबतात, पोलीस उभे राहतात, गावं रस्त्यावर पाणी आणि चहा घेऊन येतात. चार दिवस रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. उरलेले दिवस पायी चालणाऱ्यांचं फक्त नाव रस्त्याला असतं.

आणि 'हॉलंडमध्ये असतं ते आपल्याकडे नाही होणार' असं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. हॉलंडलाही सायकलचे रस्ते कुणी आंदण दिले नव्हते. तिकडेही साठच्या दशकात मोटारी आल्या, रस्ते रुंद झाले, सायकली मागे पडल्या. १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवर ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच होतं 'स्टॉप दे किंडरमोर्ड', म्हणजे मुलांचे खून थांबवा. अपघात नाही, खून. त्यांनी रस्ते अडवले, संसदेत गेले, आणि सायकलचे वेगळे रस्ते मिळवले. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईचं घ्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता चळवळीत खेड्यातल्या लाखभर बायका सायकल शिकल्या, आणि टोमणे ऐकून घेत चालवू लागल्या. दोन्हीकडे सुरुवात बाया आणि आईबापांनी केली. खात्यांनी नंतर केली.

*

म्हणून फोनवर हे वाचणाऱ्या तुम्हाला माझी विनंती आहे. माझ्या रीलला लाइक करू नका. करायचंच तर हे करा.

तुमच्या गावापासून शाळेपर्यंतचा रस्ता एकदा सायकलवर जा, शाळा सुटायच्या वेळी. किती वेळा मातीत उतरावं लागलं ते मोजा. कुठल्या पुलाशी, कुठल्या फाट्याशी मुली उतरून चालतात ते लिहून घ्या. मग तेवढंच मागा. आख्ख्या महामार्गाला सायकल ट्रॅक मागू नका, ती मागणी फायलीत मरेल. गाव ते शाळा, पाच किलोमीटर. तेवढ्या टप्प्यात कठड्याने वेगळी केलेली दोन मीटरची पट्टी, पुलाला चिकटून पायी पूल, शाळेच्या फाट्यावर खरा गतिरोधक आणि दिवा. पाच किलोमीटरचा आकडा माझा नाही, सरकारचाच आहे. पाच किलोमीटरच्या आतली मुलगी सायकलने शाळेत जाईल, असं गृहीत धरून सरकारने तिला पैसे दिले. आता ती जाऊ शकेल अशी वाट देणं हे त्याच योजनेचं उरलेलं काम आहे. सायकलीसाठी पाच हजार खर्च करायचे आणि ती पऱ्हाटीखाली गंजू द्यायची, याला मी तरी योजना म्हणत नाही.

पऱ्हाटीखाली हे मी उगाच लिहिलेलं नाही. त्या रात्री काकांकडे जेवायला गेले होते. अंगणात बहिणीची सायकल होती, चुलीसाठी रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगाखाली, फक्त हँडल बाहेर. घंटी अजून वाजत होती. काका म्हणाले, "काढून देऊ का शेजारच्या पोरीले?" मी म्हणाले, आधी रस्ता मागू, मग देऊ.

कोलकाता जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होईल. २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. तिच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, आमच्याकडे ती बहुतेक वेळा रजिस्टरमध्येच होते. या वेळी आईने चार घरी निरोप दिलाय. त्या तीन मुलींच्या आया येणार आहेत. ठरावाचा मसुदा मी रात्रीच वहीच्या पानावर लिहिला, अकरा ओळींचा आहे. सकाळी खामगावकडे निघताना शेजारच्या त्या आठवीतल्या मुलीकडे देऊन आले. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, ती तो नीट उतरवून ठेवणार आहे.